भाग चार आला नाही

कोचाबांबा. ब्याण्णव सालचा हिवाळा.
रात्री दोननंतर ला पाझची लाइन मोकळी असते, स्वस्तही,
म्हणून माझी नेमणूक: मोडेमपाशी बसायचं,
त्याचं खाकरणं ऐकायचं
आणि मध्येच घसा बसला तर पुन्हा नंबर फिरवायचा.
मी फेर्मिन. याआधी फाटकावर होतो.

दोक्तोरा एदेल्मिरा पहिलं पत्र लिहायला बसली
तेव्हा तिने पडदा रुमालाने पुसून घेतला.
समुद्रापलीकडे एक यंत्र आहे म्हणाली,
टपालाने मागाल ते टपालाने देतं,
झोपत नाही, तिकीट मागत नाही.
मग तिने लिहिलं, शाळेत शिकवतात तसं:

आदरणीय महोदय,
आपणांस तसदी देत आहे, क्षमा असावी.
आमच्या ग्रंथालयात शहाऐंशीनंतर मासिकं आलेली नाहीत.
विंचुका किड्याच्या पोटातल्या परजीवीची
जी अक्षरं आपल्यापाशी असतील ती कृपया पाठवावीत.
आपली विश्वासू,

दोन दिवसांनी उत्तर:
'आदरणीय': आज्ञा ओळखता आली नाही.
'आपणांस': आज्ञा ओळखता आली नाही.
'आमच्या': आज्ञा ओळखता आली नाही.
असं करत करत खाली 'आपली'पर्यंत.
मदत हवी असल्यास फक्त 'मदत' एवढंच लिहा.

तिने कागद फाडून घेतला, उलटा ठेवला.
माझी आई तर दारावरच्या विक्यालासुद्धा
आधी बस म्हणायची.

मग गेलं एकाच शब्दाचं पत्र. मदत.
वर कुणी नाही, खाली सही नाही.
इतकं उघडंवाघडं मी एकदाच लिहिलंय,
सिप्रियानोच्या छातीत धरलं त्या वर्षी,
तारेला शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून.

यंत्राला मात्र ते आवडलं असावं.
चाळीस पानं धाडली, कसं मागायचं त्याची.
दोक्तोरा शिकली. तुटक बोलायला लागली,
मलाही: फेर्मिन, कागद. फेर्मिन, लाइन.
मग स्वतःच दचकायची, आणि कॉफी द्यायची.

अक्षरं जुळवणारा प्रोग्राम मागवला, तो सात तुकड्यांत निघाला.
आधी सहावा आला, मग पहिला,
दुसरा दोनदा.
नुसता गचाळा, प्रत्येक ओळ एम्‌पासून सुरू,
बोबड्या माणसाने एकच घास चघळत बसावं तसा.
सगळे तुकडे क्रमाने सांधले की त्यातून यंत्र उठतं, म्हणाली.
पण भाग चार आला नाही.
ओरुरोच्या बाजूला तारा चोरीला गेल्या होत्या, की
जर्मनीत कुणी सुट्टीवर होतं, कोण जाणे.
नऊ रात्री मी तोच नंबर फिरवला.

त्या नऊ रात्रींत अक्षरं मात्र आली.
पानभर: ए, टी, टी, जी, सी, ए...
हे? मी विचारलं.
गवती छपरातून रात्री टपकतो, ओठापाशी डसतो,
आणि माणसाचं काळीज वीस वर्षं
हळूहळू फुगवत नेतो, ते हे?
त्याच्या एका कोपऱ्याचं, म्हणाली. नखाएवढ्या.
मी मोठ्याने वाचून पाहिलं.
तिसऱ्या ओळीला दम लागला.
चौथीला तिने वाचायला घेतलं.
बाहेर थंडीने नळ गोठला होता,
आम्ही दोघं आळीपाळीने वाचत होतो,
ज्याला चाल नाही असं काहीतरी.

दहाव्या रात्री चौथा भाग आला.
प्रोग्राम उठला, दोनदा पडला, पुन्हा उठला.
जुळलं का?
काही जुळलं, बरंच नाही, ती म्हणाली,
आणि खुर्चीतच झोपली, बूट न काढता.

लाइन अजून चालू होती. तीन मिनिटांचे पैसे भरलेले.
मी दोन बोटांनी एक ओळ टंकली
आणि पाठवून दिली, तिला न विचारता.

गुरुवारी उत्तर आलं:
'सिप्रियानो': आज्ञा ओळखता आली नाही.
मदत हवी असल्यास

पुढचं छापताना शाई संपली.
कागद माझ्या कोटात आहे.
नाव बरोबर लिहिलंय त्याने, एक अक्षर चुकलं नाही.