पहिली माशी

माग विकले तेव्हा चार बॉबिनी मागे राहिल्या,
एक जांभळी, एक राखी,
दोन कसल्याच रंगाच्या नाहीत.

वडगावच्या त्याच खोलीत,
फरशीला अजून मागाच्या पायांची भोकं,
बाकड्याला शिकंजा आवळून बसलोय.
शिकंजात गळ,
भाताच्या कुसळाएवढा.

इनास मास्तर खानापूरहून येऊन सांगून गेला :
आधी दोरा दोऱ्यावरच चढव, मग पीस.
पीस रुद्रव्वाच्या कोंबड्याचं.
'तगोरी,' म्हणाली, 'पण कोंबडा सोडा.'

पस्तीस वर्षं तुटलेला धागा
मी न बघता सांधला,
गप्पा मारत, खडखडाटात.
आता या शांततेत तो तीनदा तुटला.
चौथ्यांदा गळ बोटात.
पाचव्यांदा पीस उलटं,
आणि नेढ्यावर गाठींची एवढी गर्दी
की ओवणार कुठून?

'कुठं माशी शिंकली?' बायको दारातून.
'झाली कुठं अजून, शिंकायला!'

सहावी झाली. म्हणजे
लांबून, डोळे बारीक करून, झाली.
ट्यूबलाइटच्या दोरीला टांगली.
रात्री पाल आली,
थांबली, मान तिरकी केली,
एक पाऊल पुढं,
आणि कॅलेंडरमागं निघून गेली.

मास्तरला फोन केला.
तो बराच वेळ हसला, मग म्हणाला,
एक पाऊल आली ना?
जांभळी बॉबिन संपव. मलप्रभेचं मग बघू.

बॉबिनीवर नख लावून बघितलं :
अजून अर्धा पदर तरी निघेल.