पात्रयोजना

उदगीरच्या मोंढ्यात, मठपतींच्या आडतीमागच्या शेडमध्ये
तुरीची पोती भिंतीला सरकवून आम्ही रंगभूमी केली.
खडूची एक रेघ : अलीकडे राजवाडा, पलीकडे रणांगण.
नाटक जुनं, संस्कृतातलं, पाच अंकांचं,
मी कापत कापत तीनवर आणलेलं.
युद्ध तेवढंच राहिलं. प्रेम जरा आखडलं.

वहीत डावीकडे पात्रं, उजवीकडे कोरी जागा.
गुरुवारपासून मी त्या कोऱ्या जागेला भितोय.

सेनापतीसाठी सातजण आले.
सातही जणांना छाती होती.
सालेह चाऊसचा आवाज पत्र्याला लागून
दोनदा परत आला,
आढ्यावरची कबुतरं उडाली.
हमाल म्हणाले, ह्योच घ्या सर, माईकचे पैसे वाचतेत.
सालेह दाढीवरून हात फिरवत बसला,
निवडून आल्यासारखा.

राणीसाठी कुणीच नाही.
नर्सबाईंना रात्रपाळी.
कॉलेजच्या दोन मुली एकमेकींना ढकलत
एकच ओळ वाचून गेल्या,
'नाथ, रथाची चाकं ऐकू येतात',
आणि 'नाथ'पाशीच इतक्या हसल्या
की चाकं राहूनच गेली.

मग ज्ञानोबा बिरादार, रिटायर हवालदार.
सगळ्यांनी वाट करून दिली. खरा फौजी.
मी लाकडी तलवार पुढे केली.
त्यानं ती धरली, मिटलेली छत्री धरावी तशी.
"सर, मी कधी कुणावर गोळी झाडली नाही.
एकोणीस वर्षं वायरलेसवर होतो.
वरचं खाली सांगायचं, खालचं वर.
कोण राहिलं, कोण गेलं, नंबरानिशी."

मग दूताचं वाच, म्हणालो.
दूताला दीड ओळ आहे.
चहावाल्या पोराला देणार होतो मी ती.

ज्ञानोबानं कागद डोळ्यांपासून लांब धरला.
"देवी, नदीकाठी आपले तीनशे पडले.
सेनापती त्यांत आहेत."
ना हुंदका, ना छातीवर हात.
सौद्यात भाव पुकारावा, तेवढाही चढ नाही.
आणि श्वासाएवढं थांबून पुन्हा तेच, तसंच :
"देवी, नदीकाठी आपले तीनशे पडले.
सेनापती त्यांत आहेत."

एकदाच आहे ते, मी म्हणालो.
"दोनदा सांगावं लागतं सर.
पहिल्यांदा माणूस ऐकत नसतो."

दाराशी त्याची बायको उभी होती, सगुणाबाई,
मफलर द्यायला आलेली.
तिकडूनच म्हणाली,
"तिसऱ्यांदा बी सांगावं लागतंय.
त्या साली एसटीडीवर हेच बोलायलेत,
अन् मी आपली विचारायलेय,
कोण बोलायलंय, कोण बोलायलंय."
ज्ञानोबा खाली बघून हसला.
शेडमध्ये कुणी हललं नाही.
वजनकाट्यावर काही नव्हतं,
तरी त्याचा लाल आकडा थरथरत होता.

वहिनी, आत या. राणीचं वाचता?
"चष्मा नाही आणला."
ज्ञानोबानं स्वतःचा काढून दिला.

राणीला त्या जागी पानभर आकांत आहे.
मीच वृत्तात बांधलाय, तीन रात्री जागून.
सगुणाबाईंनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"एवढं बोलंल का ती?"
मग चष्मा काढला, दूताकडे बघितलं,
आणि विचारलं,
"जेवलाव का?"

पान मी फाडलं नाही.
घडी करून खिशात ठेवलं. आपल्या ओळींना जीव लागतो.
कोऱ्या जागेत दोन नावं लिहिली.

सालेह येऊन वहीत डोकावला.
"सर, सेनापती तर तिकडंच पडायलाय, नदीकाठी.
मग मी स्टेजवर यायचं कधी?"
पहिल्या अंकात. रथात चढताना. पाठमोरा.
"डायलॉग?"

खडूची रेघ त्याच्या चपलेखाली पुसली गेली होती.
राजवाडा कुठं संपतो, मलाही आता दिसेना.
एक आहे, मी म्हणालो.
पण हळू म्हणायचाय.