जुनी ठेवायची की नवी

रात्री दीडला सुरू केलं.
दिवसा गिऱ्हाईक असतं,
आणि दुपारी हा खोका असा तापतो
की वर शेंगा भाजून घ्याव्यात.

आधी बॅकअप. अडतीस जीबी:
लग्नपत्रिका, टॉवेलची लेबलं,
विडीवाल्या बायकांचे पेन्शनचे अर्ज,
एका पोराचा बायोडेटा
आणि त्याच फोल्डरात, सहा वर्षांनंतरची,
त्याच्या मुलीच्या बारशाची पत्रिका.
पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा उलटा केल्यावर बसला.

मल्लेशम अन्ना शिकवून गेला होता,
'होमचा भाग वेगळा ठेव, भूदेवी.
छप्पर कितीदाही बदल,
आतली भांडी जागची हलायची नाहीत.'
मग तोच सुरतेला हलला.
मागच्या खोलीत त्याच्या मागाचे चार बोल्ट
अजून फरशीतून वर आलेले आहेत.
अंधारात मी ते मोजत नाही,
पाय मोजतात.

एकोणीसशे चौतीस पॅकेजं उतरायची होती.
जिन्यात बसलेल्या अंजव्वाने डोकावून विचारलं, कितीला पडलं?
फुकट, म्हटलं.
'फुकट? कुठल्या पक्षाचं?'
पक्षाचं नाही. जगभरची माणसं
रात्री जागून करतात, अन् ठेवून देतात.
'म्हणजे आपल्यासारखीच की.
पाण्यासाठी.'

अडीचच्या सुमाराला पट्टी थांबली.
काळ्या पडद्यावर प्रश्न:
ही फाइल तुमच्याकडे बदललेली आहे.
आमची नवी घ्यायची, की तुमची जुनी ठेवायची?
काही न सांगितल्यास जुनी.

इतक्या अदबीने
या घरात मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि तेवढ्यात खालून, 'पाणी यायलंय गं!'

पाचव्या दिवसाचं पाणी.
मोटर लावली तर बटण पडतं,
बटण पडलं तर अर्धी जुनी, अर्धी नवी
अशी एक कुठलीच नसलेली यंत्रणा हाती येते.
म्हणून हाताने. बॅरल, सात हंडे, तेलाचे डबे,
शेवटी वाट्यासुद्धा.
दर खेपेला दारातून दिसायचं,
प्रश्न तिथंच आहे,
एवढीशी पांढरी रेघ उघडझाप करत
माझी वाट बघते आहे.

हात पुसले. नवी का जुनी सांगण्याआधी
पहिल्यांदाच म्हटलं, फरक दाखव.

जुन्या फाइलीत, इंग्रजी अक्षरांतलं मराठी,
अन्नाच्या घाईचं:
भूदेवी, हे तात्पुरतं आहे.
मराठीखाली तेलुगू टाकलं की जोडाक्षरं फुटतात, म्हणून केलंय.
पुढे कुणीतरी दुरुस्त करेल.
तेव्हा हे काढून टाक.

सात वर्षांपूर्वीची तारीख.
मधे तीनदा बदललं होतं मी सगळं,
तिन्ही वेळा न वाचता एंटर दाबलं
आणि त्याचं तात्पुरतं जपत बसले.

कुणीतरी. कोण असेल ते?
ज्याला साखर पेठ ठाऊक नाही,
ज्याने आमच्या पत्रिका कधी पाहिल्या नाहीत,
तरी 'र'वरचा रफार आणि खालचा वत्तू
आपापल्या जागी बसावा म्हणून
कुठल्याशा देशात ज्याचा चहा गार झाला.

ओल्या बोटाने वाय दाबलं.
मग ते बोट पुन्हा पुसलं, उगाच.

पावणेपाचला यंत्र बंद होऊन चालू झालं.
मधला काळा पडदा नेहमीपेक्षा लांबला.
येमुलांच्या पोरीची पत्रिका उघडली:
वर मराठी, खाली तेलुगू,
श्री मार्कंडेय प्रसन्न,
एकही अक्षर दुसऱ्यावर चढलं नव्हतं.

प्रिंटर मात्र ओळख द्यायला तयार नाही.
त्याचं उद्या बघू.

अन्नाला पडद्याचा फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा सकाळी सातला.
उत्तर थेट दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत:

'पाणी आलं का?'