परमिट

गावात माझ्या दोन डीपी.
एक शाळेमागं, चिंचेखाली, तेल गळणारी, शंभर केव्हीएची.
दुसरी फोनात: पिवळं हेल्मेट, डोळे अर्धे मिटलेले,
मुन्नानं घाईत काढलेला फोटो.
लोकांची नजर दोन्हींवर.

हरभऱ्याला पाणी सुरू झालं की लाइन रात्रीची,
मोटारी रात्रीच्या, माणसंही रात्रीची.
साडेबाराला लटारीजी काकडे:
"वायरमन, ऑनलाइन दिसून राह्यले ना जी,
मंग फोन काहून नाही उचलत?"
मी तेव्हा वासराच्या खुरातल्या जखमेवर काय लावायचं
त्याचा व्हिडिओ पाहत होतो.
एवढंच.
पण माझ्या नावाखाली तो एक शब्द पेटला होता
आणि काही पेटलेलं दिसलं
की माणूस बटण शोधतोच.

सरपंचांच्या पोरानं तर त्याचा स्क्रीनशॉट
ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकला.
रात्रीचा एक वाजून सात.
खाली लिहिलं: फेज झोपला, वायरमन जागा.
सकाळपर्यंत तेवीस अंगठे.

आशाताई मंदा उमरे हसल्या.
"भाऊ, मी तं कवाचंच झाकून ठेवलं.
नाहीतर पोरगं शिंकलं तरी विचारतेत,
जाग्या आहा ना ताई?"
अंगणवाडीच्या ओट्यावर, लशीच्या डब्याला फोन टेकवून
त्यांनी दाखवलं. हे इथं. मग हे. मग 'कोणीही नाही'.
त्या 'कोणीही नाही'वर बोट ठेवताना
उगाच खांबावर असल्यासारखं वाटलं,
पायाखाली फक्त वारा.

वर चढण्याआधी परमिट घ्यावं लागतं.
सबस्टेशनातून ढोबळे सांगतो: बंद केली, घ्या.
वहीत वेळ लिहितो.
तेवढा वेळ ती तार माझी.
कोणी साहेब येऊन ओरडला तरी चालू करायची नाही.
बावीस वर्षांत तारांसाठी किती परमिटं घेतली, मोजली नाहीत.
स्वतःसाठी हे पहिलं.

त्या रात्री बायको म्हणाली,
"आज उशीखाली उजेड नाही तुमच्या."
दूर कोणाची तरी मोटार घरघरत होती.
टिटवी एकदा ओरडून गप्प झाली.
आणि आठवड्यात खरंच तार तुटून धुऱ्यावर पडली
तेव्हा डोमाजी सायकल हाणत थेट दारात आला.
त्यानं फोन पाहिलाच नव्हता.

पण एक अट असते,
ती मंदाताई सांगायच्या विसरल्या.
आपलं झाकलं की दुसऱ्याचंही दिसत नाही.

सुमेध नागपूरला, अभ्यासिकेत. बोलत नाही फारसा.
दोन वाजून दहा. अडीच. एकदा पहाटेचे चार.
त्याचे आकडे मी मीटरसारखे वाचायचो:
चालू आहे. जागा आहे. जेवला नसेल.
आता तिथं नुसतं नाव,
आतून धुरकटलेली मीटरची काच.
फोन लावावा, तर काय म्हणून लावावा?
चार दिवस हाच विचार.

पाचव्या दिवशी त्याचाच आला.
भर दुपारी, मी डीपीजवळ.
"बाबा, कुठी आहा?"
"कामावर. काहून?"
"काही नाही. तुमचं दिसणं बंद झालं.
आधी रोज संध्याकाळी पाहत होतो ना मी.
सहानंतरचा टाइम दिसला की समजे,
उतरले खांबावरून."

हातातला डिस्चार्ज रॉड मी तारेच्या कुंपणाला टेकवला.
चिंचेची एक शेंग टपकन पत्र्यावर पडली.
"झाकलं आहे," म्हटलं, "लोक रात्री सोडत नाहीत."
"बरं केलं," म्हणाला.
मग थांबला.
मग मेसच्या वरणाबद्दल सांगत बसला,
त्यात डाळ कशी शोधावी लागते, कोणाला सापडली तर
टेबलावरची पोरं कशी टाळ्या वाजवतात.
अकरा मिनिटं.
एवढं तो दहावीनंतर बोलला नव्हता.

आता संध्याकाळी उतरलो की त्याला मिसकॉल देतो.
एक रिंग.
तो उचलत नाही, उचलायचा नसतो.
परमिट परत करताना ढोबळेला सांगतो, तसंच ते:
माणूस खाली आहे.
लाइन घ्या.