तिमाप्पाचं प्यादं

दुसऱ्या फेरीत मला पडला तो,
पोलंडचा, एकोणीस वर्षांचा, ग्रँडमास्टर.
फळ्यावर नाव लिहिताना बाबर सरांचा खडू
तीनदा अडला,
शेवटी त्यांनी नुसतं 'तिमेक' लिहिलं.
सांगलीची पोरं तेवढ्यावर थांबतात होय!
जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचा तिमाप्पा झाला होता.

मी मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर कारकून.
सकाळचे सौदे उरकून तसाच आलो,
नखांत राजापुरी.
माझ्याकडं पांढरी. पहिलं प्यादं ढकललं
आणि त्याच्या डोक्यावर पिवळा ठसा उमटला.
त्यानं ठसा पाहिला, मग माझी बोटं.
बोलला काही नाही.
पुढं ते प्यादं मारलं तेव्हा मात्र
बाजूला ठेवण्याआधी
हळूच हुंगलं.

एकतिसाव्या चालीला मी डाव सोडला.

वाटलं, उठून जाईल. तर यानं
पट मागं मागं नेला, अठराव्या चालीपाशी थांबला.
"इथं मला घाम फुटला होता."
खोटं असेल.
पण सात चाली खोल जाऊन
त्यानं ते खोटं मला सिद्ध करून दाखवलं.

तोवर खुर्च्या सरकू लागल्या होत्या.
आर्मेनियाचा दाढीवाला आला, नाशिकची ईश्वरी आली,
कडलूरचा इळंगो आपला डाव बरोबरीत उरकून आला.
आणि तो कझाक पोरगा,
गेल्या साली यानंच ज्याचं पदक हिसकावलं,
तो दोन ग्लास चहा घेऊन,
एक स्वतःचा, एक याचा.
सकाळी एकमेकांच्या नरडीला लागलेली पोरं
भडंगाच्या एकाच कागदात हात घालत होती.
मी बावन्नचा. उठू लागलो,
तर कुणीतरी, पटावरची नजर न हलवता,
माझ्या खांद्यावर कोपर टेकवलं.
बसलो मग.

उंटाला काय म्हणता, तिमाप्पानं विचारलं.
उंटच म्हणालो.
त्यांच्यात तो निरोप्या. हत्तीचा बुरूज.
आणि वजीर? वजीरच. बाप्या.
"आमचाही बाप्याच! हेटमन, सेनापती."
ईश्वरी म्हणाली, "म्हणजे इथंही आणि तिथंही
सगळं घर धावून सांभाळणार बाई
आणि सातबारा त्याच्या नावावर."
सातबारा म्हणजे काय हे सांगण्यात
पाव तास गेला.

शेवटच्या फेरीत तो हरला.
इळंगो जिंकला, आणि तोंड इळंगोचंच उतरलं.
हॉलमध्ये टाळ्या अर्ध्याच वाजल्या.
तिमाप्पा त्याच्या पाठीवर थाप मारत
जिना उतरेपर्यंत काहीतरी समजावत होता,
हातानं हवेत घोडा नाचवत.

मिरजेहून गाडीत बसला, गेला.

मंडळाच्या पेटीत ते प्यादं अजून आहे.
साबणानं जात नाही राजापुरी.
शाळा सुटली की पोरं धावत येतात,
पेटी उपडी करतात,
तेच आधी शोधतात, त्यावरून भांडतात.
हे तिमाप्पाचं, म्हणतात,
त्याच्या हाताचा रंग लागलाय.

मी नखं टोकरत बसतो.
दुरुस्त करत नाही.