कल्हई

सहा आठवडे टर्बाइन बंद.
ऑल्डर फोर्क गावाची वीज तोवर शेजारच्या जिल्ह्याकडून उसनी,
आणि उसनं म्हटलं की सगळ्यांचा डोळा मीटरवर.

क्रेनने पहिला ठोकळा उचलला तेव्हा सकाळचे साडेसात.
बदामाच्या बागांवर कॅलिफोर्नियातलं जानेवारीचं धुकं,
इतकं, की धुराडं कमरेपासून वर नाहीच.
चौदा वर्षं वापरलेला उत्प्रेरक,
भोकाभोकांचा, पोळ्यासारखा,
प्रत्येक भोकात करडी धूळ.
रूबेन आर्विझू म्हणाला, दमलाय बिचारा.
कॉलेजच्या पुस्तकात होतं :
उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, स्वतः बदलत नाही.
पुस्तक लिहिणाऱ्याने साडेतीनशे अंशांच्या वाऱ्यात
चौदा वर्षं उभं राहून दाखवावं.

गेल्या मार्चच्या सुनावणीत मिस्टर अमराल उठले होते.
मधमाश्यांच्या पेट्या बागांना भाड्याने देणारे,
टोपी हातात, नखांत मेण.
"तुमच्या धुराड्यातून धूर निघालेला मी जन्मात पाहिला नाही.
मग बिलात चार डॉलर कशाचे?"
मी फाइल उघडली. आता नऊ आहेत, म्हटलं, अडीच होतील.
"अडीच काय?"
दशलक्षातले अडीच भाग.
मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.
लुर्डेस अव्हिलाने इतिवृत्तात लिहिलं : स्पष्टीकरण दिले.

दिलं नव्हतं.
जो शब्द हवा होता तो माझ्या इंग्रजीत नाही :
कळकणे.
पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं रात्रभर,
पातेलं तेच, ताक तेवढंच पांढरं,
जिभेला लागेपर्यंत काही कळत नाही.
इथे पातेलं म्हणजे ही खोऱ्याची वाटी, दोन्हीकडे डोंगर,
वरून ऊन,
आणि चारच्या सुमारास हवा कळकते.

नव्या जाळीतून अमोनिया सोडायच्या दिवशी
एका नळीची चकती नीट बसली नव्हती.
वास आला आणि मी संगमनेरात,
दस्तगीरच्या भात्यासमोर उकिडवी.
तापलेली परात, कथलाची कांडी,
चिमूटभर नवसागर, भस्सकन पांढरा लोट,
नाकात झिणझिण्या, आईची हाक, मागे हो गं,
आणि कापसाच्या एका फेऱ्यात पितळेची चांदी.
"मास्क!" रूबेन ओरडत होता. "मास्क!"
मी सांगितलं, मला त्याची आवाजात ऐकू आलं नाही.
त्याने चकती बदलली. अहवालात लिहिलं : गळती, चार सेकंद.
माझ्या हिशेबात एकतीस वर्षं.

पहिल्यांदा पेटवलं ते फेब्रुवारीच्या शेवटी.
सुरुवातीची वीस मिनिटं आकडा भलता चढतो,
नवा ठोकळा गार असतो, त्याला अजून काही सुचत नाही.
ती मिनिटं वेगळ्या रकान्यात जातात. कायद्याला मान्य आहे.
फुप्फुसांना रकाने असतात का, हे मी कोणाला विचारत नाही,
पण वीसची सोळा कशी करता येतील
यावर रूबेन आणि मी दोन रविवार घालवलेत.
मग आठ. चार पूर्णांक सहा. दोन पूर्णांक एक.
कोणी टाळी वाजवली नाही. एकाने सँडविच उघडलं.

मिस्टर अमराल बघायला आले,
फुललेल्या बागांतून, ट्रकवर रिकाम्या पेट्या.
टेबलावर नव्या उत्प्रेरकाचा तुकडा होता, नमुन्याचा.
त्यांनी अंगठ्याने भोकांची भिंत चाचपली,
"चौकोनी. कुठल्या माशीचं काम हे?"
मध करणारी नव्हे, म्हटलं. कडू होऊ न देणारी.
तुकडा डोळ्याला लावून त्यांनी धुराडं पाहिलं,
बराच वेळ.
वर निळं आकाश, जरासं थरथरणारं, बस.
"काही दिसत नाही," ते म्हणाले.
हो.
"चार डॉलर," ते म्हणाले,
आणि टोपी घातली.