कुंपणापाशी

जानेवारी. सकाळचे आठ, आणि कुंपणाचा पत्रा
आत्ताच हात ठेवू देत नाही.
मर्व्हिन ऑलसॉप घडीची खुर्ची उघडतो,
शेजारी थर्मास, मांडीवर वही.
समोर गोलचे चार खांब, वर आडवं काहीच नाही;
आभाळ हवं तेवढं.

लंबगोल चेंडू जमिनीवर पडला
की कुणाच्याच बापाचा नसतो.
चाळीस पोरं त्याच्यामागे,
शिट्टी, शिव्या, पुन्हा शिट्टी.
एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून
वर चढतो, क्षणभर तिथेच राहतो,
आणि मैदानभरचे सीगल उठतात.
"सप्टेंबरपर्यंत टिका रे," मर्व्हिन पुटपुटतो,
पोरांना नव्हे,
त्यांच्या मांड्यांमागच्या स्नायूंना.

वहीत मात्र यातलं काहीच नाही.
वहीत आहे सीमारेषेवरून एकटा पळणारा त्रेचाळीस नंबर,
गुडघ्यावर टाक्यांची अजून गुलाबी रेघ,
चेंडूला हात लावायची परवानगी नाही.
दर फेरीला एक उभी काडी.
पाचवी तिरपी.

अकरावीनंतर तो थांबतो,
कुंपण धरतो, चटका बसून सोडतो.
घाम हनुवटीवरून टपटपतो पत्र्यावर
आणि वाळतोही.
"किती झाल्या?"
मर्व्हिन वही जरा स्वतःकडे वळवतो.
"दहा."

पोरगा त्याच्याकडे बघतो. हसतो.
मोजता त्यालाही येतं.
मग बुटाची नाडी आवळून
निघतो अकरावी पळायला.

मर्व्हिन नवी काडी काढत नाही.
शेवटचीच पुन्हा गिरवतो,
सावकाश,
तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत.